मधल्या रेषेवर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, विद्यार्थी मित्रहो, आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या बाई,

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला पाच मिनिटं म्हणजे फळा पुसण्यापुरतीच. तरी प्रयत्न करतो.

दोन स्पीकरचा प्रयोग इथल्या बहुतेकांनी केला आहे. एकच सूर दोन्हींतून सोडायचा आणि समोरून आडवं चालायचं. लाटेच्या उंचवट्यावर उंचवटा आला की आवाज मोठा. उंचवट्यावर खळगा आला की जवळजवळ नाहीसा. बरोबर मधोमध तो मोठाच हवा.

बाई रुजू झाल्या त्या वर्षी मधोमध शांतता होती. एका स्पीकरच्या तारा त्यांच्याकडून उलट्या जोडल्या गेल्या होत्या, म्हणजे उंचवट्यावर खळगा.

"सर, आवाज गेला कुठे?" बाईंनी विचारलं.

"जातोय कुठे? दोन्हीकडून येतोय, म्हणून तर ऐकू येत नाही."

"मग एक बंद करा की."

केला. सूर ऐकू आला. वर्ग हसला, मी नाही.

पुढच्या वर्षी तारा पुन्हा उलट्या निघाल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. बाई हातातलं काम टाकून यायच्या, मधल्या रेषेवर माझ्याशेजारी उभ्या राहून क्षणभर कान द्यायच्या आणि मग तारा बदलायच्या. अध्यक्ष महोदय, बावीस वर्षं त्या तारा मी उलट्या करत होतो.

काय म्हणालात, बाई? माहीत होतं? कधीपासून? ... ऐकलंत ना? पहिल्याच खेपेपासून म्हणतात.

गेल्या वर्षी त्या तीन महिने मुलीच्या बाळंतपणाला गेल्या. मी तारा उलट्या केल्या आणि मधोमध जाऊन उभा राहिलो. तास संपला. मुलांनी वहीत लिहिलं, 'मध्यभागी आवाज नाही.' मी बरोबरची खूण केली.

उद्या दुपारी बाई कायमच्या मुलीकडे निघाल्या आहेत. अशा वेळी शुभेच्छा द्यायच्या असतात, त्या देतो. पण त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. त्या घरी एकट्या, मी घरी एकटा. विचारायला आडकाठी कुणाची होती? माझीच.

बाई, उत्तर इथे नको. उद्या सकाळी मी येतो. सामान बांधलेलं असेल तर उचलू लागेन. नसेल तर बसेन.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला.