कूलरपाशी बसून केलेली नोंद

हसू नका, पण हळदीच्या गोदामात मी एकदा पार चक्रावून गेलो होतो. आतल्या खोलीत जुना सर्व्हर, बाहेर टेबलावर साधा कम्प्युटर. तिथल्या कारकून राठोडबाई सर्व्हरवर पोत्यांची नोंद करायच्या आणि तीच पुन्हा बाहेर टाइप करायच्या. मी एक प्रोग्राम बसवून दिला आणि ऐटीत सांगितलं, "बाई, आता हातानं काही उतरवायचं नाही. रोज सकाळी बाहेरचं जुनं पुसून सर्व्हरवरचं आपोआप येईल."

दोन-चार दिवसांत गोरेगावचे एक आजोबा टेम्पो घेऊन आपली नुकतीच ठेवलेली पोती न्यायला आले. पोती समोर दिसत होती, कम्प्युटरमध्ये नावच नाही! त्यांच्या शेजाऱ्याचं मात्र होतं. आजोबा भडकले. मी प्रोग्राम उलटासुलटा तपासला, चूक सापडेना.

"बाई, नोंद सर्व्हरवरच करता ना?"

"व्हय सर, सकाळी तिथंच."

"आणि दुपारी?"

"दुपारी आत लई गरम होतं. मंग बाहेर कूलरपाशी बसून करते."

"अहो, मग ती सर्व्हरवर कशी जाणार?"

"आधी संध्याकाळी मीच ती आत सर्व्हरवर उतरवत होते की! तुमीच म्हणले ना, हातानं काही उतरवायचं न्हाई?"