टेबलाखालच्या दोन खुणा

बायको : एकदा पाय दाबला की हसायचं, दोनदा दाबला की ‘अरेरे’ म्हणायचं. दोनच खुणा होत्या, अहो!

नवरा : तू एकदाच दाबलास.

बायको : दुसऱ्यांदा दाबेपर्यंत धीर कुठे होता तुम्हाला? साहेब सांगतायत, त्यांच्या सासूबाई जिन्यावरून पडल्या, आणि तुम्ही खो-खो हसताय!

नवरा : साहेबही हसले की.

बायको : बाईसाहेब नाही हसल्या. पानावरून उठल्या त्या. तुमची खुर्ची वाचावी म्हणून घातलेलं जेवण ते!

नवरा : मला त्यांचा चेहरा कळलाच नाही गं. डॉक्टर म्हणाले ना, समोरचा हसला की आपलाही चेहरा नकळत हसतो. डोक्याला मार बसला आणि माझं तेवढंच गेलं.

बायको : तेवढ्यावरच तर नोकरी होती! रेकॉर्डरूमच्या स्टुलावरून पडायचंच होतं, तर हात मोडायचा. साहेबांचा विनोद संपायच्या आत तुमचे दात दिसायचे. त्याआधीचे साहेब चिडके, तर दोन वर्षं घरातसुद्धा कपाळाला आठ्या. त्याच्याही आधीचे मिशीतल्या मिशीत हसायचे, तेव्हा तुम्ही मिशी राखलीत. मला सगळं आठवतंय.

नवरा : मग आता घरी बसवणार मला?

बायको : छे! मगाशीच फोन आला साहेबांचा. उद्यापासून तक्रारींच्या खिडकीवर. बढती!

नवरा : बढती?

बायको : लोक रडोत, ओरडोत, तुमचा चेहरा ढिम्म. असा माणूस साहेब कधीचे शोधत होते म्हणे.

नवरा : मग तुला आनंद झाला असेल.

बायको : बघा माझ्याकडे. काय दिसतंय?

नवरा : डोळे... नाक... पाय दाब ना जरा.

बायको : नाही दाबणार. छत्तीस वर्षं मी रडायच्या आधी तुमचे डोळे भरायचे. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगत फिरले. आता वाटतं, तेही साहेबांपुढच्या हसण्यासारखंच होतं की काय.

नवरा : थांब, पाय कुठाय तुझा?

बायको : अहो, पाय काय दाबताय?

नवरा : दोनदा दाबला. तुझा आवाज कापतोय.

बायको : दोनदा म्हणजे ‘अरेरे’.

नवरा : चुकलं का गं?

बायको : नाही. राहू द्या पाय तिथंच.