एकाच खटक्यावरच्या दोन टाक्या

कारखान्यात मला फौजदार म्हणतात, इथे कृपया हसू नये. वय एकोणचाळीस. धंदा, गोंदाच्या कारखान्यात टाक्या साफ करणे. राहणार कारखान्यामागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

आमच्याकडे दोन टाक्या शेजारी शेजारी आहेत. आत पाती फिरतात. साफ करायला माणूस झाकणातून आत उतरतो आणि वाळलेला गोंद खरवडतो. उतरणाऱ्याने विजेचा खटका पाडून त्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात, आणि दुसऱ्याने झाकणापाशी उभं राहायचं, अशी रीत आहे. टाक्यांची बटणं वेगळी, पण कुलूप लागतं तो मोठा खटका दोन्हींना एकच.

आज सुपरवायझर म्हणाले, "कुलूप लावू नको. शेजारच्या टाकीत माल आहे, थांबला तर दगड होईल. हिचं बटण बंद आहे, तेवढं बास."

मी म्हणालो, बटणाला कुणाचंही कोपर लागतं. मी उतरत नाही. जिवाला धोका असेल तर नाही म्हणायचा हक्क कायद्याने दिलाय.

"कायदा भिंतीवर असतो फौजदार, काम टाकीत असतं."

मी उतरलो नाही. मग त्यांनी माझ्या मेहुण्याला बोलावलं. बायकोचा धाकटा भाऊ, कंत्राटी आहे. कंत्राटी माणसाला कुलूप मिळत नाही. मी आडवा आलो. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही पर्मनंट, तुम्हाला नाही म्हणणं परवडतं. मी म्हटलं तर उद्यापासून तुमच्याच घरी जेवायला." हसला आणि उतरला.

मी खटका पाडून माझं कुलूप लावलं. शेजारची टाकीही थांबली. झाकणापाशी उभा राहिलो, आत ओरडून सांगितलं, कुलूप माझं आहे, निवांत खरवड. सुपरवायझर धावत आले. माल काय तुझ्या बापाचा आहे का, किल्ली दे, म्हणाले. दिली नाही. दोन वॉचमननी दंडाला धरून मला गाडीत घातलं आणि इथे पोलीस चौकीत आणलं. झाकणापाशी कुणी उरलं नाही.

तक्रार अशी आहे की मी किल्ली चोरली. किल्ली माझीच आहे, आत्ता माझ्या मुठीत आहे. इथल्या साहेबांनी मागितली तरी दिलेली नाही. मेहुणा बाहेर आला का, असं मी सुपरवायझरना विचारलं. ते इथेच बाकावर बसलेत. म्हणाले, "आला असेल." 'असेल'वर किल्ली मिळत नाही.

जबाब चालू असताना सुपरवायझरना कारखान्यातून फोन आला. पाळी बदलली होती. नव्या लोकांनी कुलूप कापायला करवत आणली होती, टाकी रिकामीच आहे म्हणत होते. साहेबांनी फोन घेतला, स्पीकरवर टेबलावर ठेवला. आधी टाकीवर ठोका, म्हणाले. पाना आपटल्याचं ऐकू आलं. पुढे काही नाही. साहेब म्हणाले, पुन्हा.

पुन्हा आपटलं. मग आतून कुणीतरी ठोकलं.

मेहुण्याचा आवाज लांबून आला. "दाजी, अर्धी झाली. जरा पाणी द्या की."

मी इथे आहे हे त्याला माहीत नव्हतं.

वरचं सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. बोललो तसंच उतरलंय. सही उभ्यानेच करतो, मला त्याला पाणी द्यायला जायचंय.