बटणातला ढोलकीवाला

आख्ख्या औंध भागात माझ्यासारखा कीबोर्ड वाजवणारा न्हाई. म्हंजे तसा दुसरा कुणी वाजवतच न्हाई.

जुना कीबोर्ड बंद पडला, म्हणून मी अन् नाम्या सांगलीला दुकानात गेलो. नाम्या म्हंजे जत्राजत्रांतनं माझ्याशेजारी ढोलकी बडवून म्हातारा झालेला गडी. आमच्या पैशात दोनच बसत होते. एक नवा, पण साधा. दुसरा जुना, पण त्यात ढोलकी, ताशा, सगळी पार्टीच भरलेली.

मी म्हटलं, "नाम्या, ह्यो घेतला की तुझी ढोलकी खुंटीला! जत्रंला जाताना जीपमधी माझं पाय पसरायला जागा."

नाम्याचं तोंड एवढंसं झालं. मला लय उकळ्या फुटल्या.

दुकानदारानं बटण दाबलं, आतली ढोलकी सुरू झाली. मी आमचं जुनं गाणं धरलं. त्याच्यावर कवाकाळी जत्रंत म्हाताऱ्यासुदीक पदर खोचून नाचायच्या. दुसऱ्या कडव्याला मी नेहमीसारखा सूर चाचपडत जरा थांबलो, तर ढोलकी गेली की पुढं निघून! परत धरलं, परत तेच.

नाम्या उठला अन् दुकानदाराला म्हणाला, "आवं शेठ, ह्याच्यासाठी थांबणारा ढोलकीवाला कुठल्या बटणावर हाय?"