मागचा तांबडा तारा

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली दाताच्या दवाखान्यात एक बाई गाल धरून बसल्या होत्या. शेजारी खगोलशास्त्राचे एक प्राध्यापक आणि त्यांची विद्यार्थिनी कुजबुजत होते.

"सर, उद्याच्या भाषणात त्या झगमगत्या ताऱ्याभोवती फिरणारा तांबडा जोडीदार तारा सापडला असं म्हणू नका."

"का? झगमगत्या ताऱ्याआडून त्याला शोधण्यात माझी उमर गेली!"

"झगमगता तारा मागेपुढे हलतो. आपल्याला दिसलेला तांबडा तारा त्याचा जोडीदार असता, तर हा त्याच्या उलटा हलला असता. हा ढिम्म आहे."

"म्हणजे?"

"भलताच तारा आहे, सर. लांब मागे उभा."

"हे माझ्या तोंडावर सांगतेस?"

"पाठीमागे सांगू?"

बाई ठणका विसरल्या.

"...भाषणात मीच सांगतो."

पुढे त्या ताऱ्याचा झगमगाट मंदावला, तेव्हा खरा जोडीदार त्या विद्यार्थिनीलाच दिसला. पेपरातल्या फोटोत सर तिच्यामागे उभे होते, कवळी दिसेल इतके हसत.