जिन्याखालचा धूर

— नाही नाही, स्टुलावरच बसा ताई, फक्त डावीकडे टेकू नका, तिकडे इस्त्री ठेवलीये, भरलेली आहे. आणि मी काम थांबवत नाही, राग मानू नका, निखारे लाल आहेत तोवरच कॉलरी उरकायच्या असतात, मग राख धरते आणि त्यावर नुसत्या चादरी होतात. हं, बोला. कागद ना — वाचला मी. सातवी झालेय, वाचता येतं. ‘आमच्या इमारतीतील धुरामुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे याची मला जाणीव आहे.’ कालपर्यंत नव्हती, आज तुम्ही आणून दिलीत. ‘सोमवारपासून मी जिन्याखाली कोळशाची इस्त्री वापरणार नाही.’ आणि खाली माझं नाव, टाईप केलेलं, ‘श्रीमती’ लावून. लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच कुणी माझं नाव छापलं बघा. बाकीच्यांचे कागद कुठे आहेत? अकरा मजले आहेत ना वर, त्यांच्या जाणिवेचे कागद वेगळे असतील. — नाहीत? बरं. विचारलं आपलं.

सोमवारी ती तपासणीची माणसं येणार, हिरव्या इमारतीचं बक्षीस द्यायला, ते कळलं मला, वॉचमन सांगत होता. कुंड्या आल्यात ना पंचवीस, रात्रीत उगवल्यासारख्या. पण मला एक समजावून सांगा ताई, तुम्ही समितीवर आहात, शिकलेल्या आहात. पृथ्वी तापली. कुठे बर्फ वितळलं, कुठे जंगलं पेटली, कुठे समुद्र घरात शिरला. आणि कुणी केलं म्हणून शोधत शोधत निघालं सगळं जग, तर माग थेट माझ्या इस्त्रीपाशी आला? एवढी कर्तबगार आहे मी, सासूबाईंना सांगायला पाहिजे. त्या म्हणतात माझ्याकडून भाजीसुद्धा धड तापत नाही.

हा कोट बघितलात? हात लावून बघा, लोकरीचा आहे. सातव्या मजल्यावरच्या साहेबांचा, आठवड्यातून दोनदा येतो, या असल्या उन्हाळ्यात. मला आधी वाटलं साहेबांना हिवताप असेल. मग त्यांच्या बाई म्हणाल्या, नाही गं, ऑफिसात फार गार असतं. म्हणजे बाहेर माणूस भाजतोय, म्हणून आत गार करायचं, मग आत माणूस गारठतो, म्हणून कोट घालायचा, आणि त्या कोटाला इस्त्री मी करायची, इथे, या भट्टीत बसून — आणि पृथ्वी तापवली कुणी, तर मी. कपड्यांवरून सगळं कळतं आम्हाला. वरच्या मजल्यांच्या शर्टांना काखेत डागच नसतो. घरात गार, गाडीत गार, ऑफिसात गार. घाम काय तो वॉचमनच्या वर्दीला.

नाही, विजेचा धूर होत नाही म्हणता, ते खरं आहे, इथे होत नाही. आमचे हे दोन वर्षं वीज केंद्रावर होते, कोळशाची मालगाडी रिकामी करायला. एक डबा म्हणजे माझा जन्म जाईल जाळायला, असे पन्नास डबे, आणि अशा गाड्या रोज. ती वीज तुमच्याकडे येते आणि धूर तिथेच राहतो, तिथल्या लोकांच्या दोरीवरच्या कपड्यांवर. माझं चुकलं एवढंच की मी माझा धूर इथे जवळच करते. खापर फोडायला डोकंही जवळचंच बरं पडत असेल, लांब कोण जाणार.

विजेची इस्त्री? आहे की. वडिलांनी दिलीये, तीन वर्षं खोक्यात आहे, वर प्लास्टिकसुद्धा तसंच आहे. लावू कुठे? भिंतीत खिळा आहे, प्लग नाही. सेक्रेटरींकडे तीनदा गेले. पहिल्यांदा म्हणाले, मीटिंगमध्ये विषय ठेवतो. दुसऱ्यांदा म्हणाले, विषय ठेवला. तिसऱ्यांदा म्हणाले, इमारतीला लोडच शिल्लक नाही. का नाही, तर या वर्षी चौदा एसी नवीन बसले — तुमच्याकडचे दोन धरून, मी नाही मोजले, वॉचमनने मोजले. त्यांचे बाहेरचे डबे कुठे तोंड करून आहेत बघा, वर, त्या जाळीतून. हात धरा तिथे. लागली ना झळ? ती तुमच्या बेडरूमची. तुमच्या झोपेची झळ आहे ती ताई, दिवसभर माझ्या मानेवर असते.

तुमच्या त्या मोर्च्याचे टी-शर्टही इथेच झाले, तुम्हाला ठाऊक नसेल, तुमच्या कामवाल्या बाईने आणून टाकले. चाळीस. ‘पृथ्वी आपली, जबाबदारी आपली.’ दोन टोपल्या कोळसा गेला त्यात. छापील शर्टाला उलट्या बाजूने इस्त्री करायची असते, सुलट केली की अक्षरं वितळतात, आणि एक गेलाच चुकून सुलट, ही रडायला लागली म्हणून लक्ष उडालं. ‘जबाबदारी’ अख्खी इस्त्रीच्या बुडाला चिकटून आली. खरवडून खरवडून नखं गेली माझी. तो शर्ट कोणी घातला, काही कळलं? कुणी तक्रार नाही केली. कुणी वाचलाच नसेल.

ही म्हणजे माझी लेक — तिकडे, चादरींच्या गाठोड्यामागे. जरा हळू बोलू आपण. तीन वर्षांची आहे. मांजर नाही ताई तो, तिच्या छातीचा आवाज आहे. बाळदमा. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी धूर करतं का? मी म्हटलं, नाही. खोटं कुठे बोलले, घरात नाहीच करत. इथे करते. इथलं त्यांनी विचारलं नाही. आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिच्यामागे धावता येत नाही, मग ठेवू कुठे, खुंटीला? रात्री मी तिच्या छातीवर हात ठेवून झोपते. झोपते कसली, मोजत बसते. पण दुपारी बरी असते हो, दोन ते चार. गार हवा लागली की बघता बघता शिट्टी थांबते, गाल गुलाबी होतात —

कुठली म्हणजे? हवा. आपली साधी हवा. बागेतली. बागेत ऊन असतं, बरोबर आहे. नाही, सावलीत. सावली आहे ना एका — नाही, आता नाही, ते झाड पार्किंगसाठी गेलं.

चौथ्या मजल्यावर. आता विचारताच आहात तर सांगते. तिथल्या आजी लेकीकडे गेल्यात परदेशी, कपाटातल्या कपड्यांना हवा द्यायला म्हणून किल्ली माझ्याकडे देऊन. कपड्यांना हवा देते. तिलाही देते. सव्वीसवर लावते एसी, त्याखाली कधी नाही. एकदा चोवीस केला होता, ती निळी पडायला लागली तेव्हा. पलंगावर नाही झोपवत, खाली चटई टाकते, निघताना फरशी पुसते. बघा म्हणजे, पृथ्वी मीही तापवते. दोन तास वर गार करते, त्याची झळ इथे माझ्याच टेबलावर पडते, आणि चार वाजता आम्ही मायलेकी खाली येऊन तिच्यातच बसतो. आता याची जबाबदारी कुणाच्या नावावर टाईप करायची, ते तुमच्या समितीला विचारा.

काय? पुन्हा सांगा. मी सही केली तर किल्लीचं आजींना कळवणार नाही म्हणता. तुमच्यामाझ्यातच राहील.

फार मोठं मन आहे तुमचं. पण सही केली की सोमवारी मला इथून उठायचं, हो ना? आणि इस्त्रीवाली नसले तर चौथ्या मजल्यावर कोण म्हणून चढू? वॉचमन गेटातून आत घेईल मला? म्हणजे टेबलही गेलं आणि किल्लीही गेली, आणि वर तुमचे उपकार. सातवीच झालेय ताई, पण एवढं गणित येतं.

ही घ्या किल्ली. दार जरा ओढून धरावं लागतं, नाहीतर ती फिरत नाही. आजींना आज संध्याकाळी मीच फोन करते, माझ्या तोंडूनच कळू दे. आणि कागद बिनसहीचा आहे तसाच न्या. सोमवारी ती माणसं आली की इथे घेऊन या, मी इथेच असेन, मी त्यांना वरची जाळी दाखवीन, हात धरून.

नाही, आता काही बोलू नका. ती उठतेय, उठली की आधी खोकते. सरका जरा. ताई, पाय उचला — तिच्या पंपाची पिशवी आहे तुमच्या चपलेखाली.