पंचानं हात हलवले

नाय नाय, बस तू कुणाल, उभ्या उभ्या डबा घेऊन पळतोस ते आज चालणार नाय — आणि डबा कशाला, सातला जेवायलाच ये की, अल रय्यान भागातली आमच्या गावची सगळी माणसं येतायत — कशासाठी म्हणजे? माझ्या अम्मारसाठी! अमेरिकेत शिकतो तो, सांगितलं नव्हतं तुला? कॉलेजकडून फुटबॉल खेळतो — आपला इथला फुटबॉल नाय रे, तो दुसरा, अंड्यासारखा चेंडू असतो, हातात धरून पळतात आणि एकमेकांच्या अंगावर पडतात — मला तर बघवत नाय. पण अम्मारचं काम वेगळं. तो बाकावर बसून राहतो, वेळ आली की बोलावतात, एक जण चेंडू जमिनीवर उभा धरतो, हा धावत येतो, लाथ मारतो, दोन खांबांच्या मधून घालवतो आणि परत बाकावर. एवढंच. त्याचे अब्बा म्हणाले, एवढ्यासाठी अमेरिका? मी म्हटलं, तुम्ही पोर्टावर क्रेनवाल्याला हातानं खुणा करता, तेवढ्यासाठीच कतारला आलात ना? — हसतोस काय, खरं तेच.

डावरा आहे तो. लहानपणी डाव्या हातानं जेवायचा, सासूबाई रत्नागिरीहून आल्या की ओरडायच्या, म्हणून मी त्याचा डावा हात ओढणीनं बांधून जेवायला बसवायची — रडायचा आणि जेवायचा. हात सुधारला, पण पाय कोण बांधणार? बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर डाव्या पायानं धाड धाड, वाळूचं वारं सुटलं तरी — खालची इजिप्तची बाई भांडायला यायची. अमेरिकेला गेला इंजिनिअर व्हायला, तिथं त्यांचा लाथ मारणारा पोरगा जायबंदी झाला, कुणीतरी ह्याला मैदानात बघितलं, घेतलं टीममध्ये. फी माफ झाली. बरं चाललं होतं, मग यंदा काय बिनसलं कोण जाणे, चेंडू बाहेरच जायला लागला. मला फोनवर म्हणाला — इंग्लिशमध्येच, मराठी कळते त्याला, बोलत नाय — अम्मी, ही मॅच शेवटची, नाय जमलं तर टीममधून काढतील, मग कॉलेजही सुटेल. मी नमाजीत दुसरं काय मागितलंच नाय बघ. फक्त तेवढा एक चेंडू.

आणि झालं ना! त्याच्या अब्बांनी इंटरनेटवरून क्लिप शोधून काढली. चेंडू कुठं गेला ते नीट दिसत नाय, कॅमेरा हलतो, पण लोक उठून नुसते नाचतायत आणि खांबाखालचा पंच दोन्ही हात असे — माझ्याकडे बघ — असे आडवे हलवतो. हे तर उडालेच! गावच्या मैदानात क्रिकेट खेळून मोठा झालेला माणूस, त्यात खुणांवर पोट भरणारा — म्हणाले, चौका! आपल्याकडे एका हातानं देतात, तिकडे दोन्ही हातांनी — पंचानं चौका दिला! लगेच खानदानाच्या ग्रुपवर क्लिप, माशाल्ला, पोर्टावर मिठाई, आज ही बिर्याणी — तुझ्यासाठी वेगळी भाजी केलीय, घाबरू नको. सगळ्यांनी अम्मारला मुबारक लिहिलं. त्यानं एकेकाला शुक्रन लिहिलं. मी फोन लावला, विचारलं, बेटा, खूश आहेस ना? 'हो अम्मी,' म्हणाला. मराठीत. आणि ठेवला फोन.

मराठीत कशाला बोलला रे तो? तेव्हापासून हात कामात आणि जीव तिकडे. दमलेय मी.

तू होतास ना तिकडे शिकायला, तुला कळतो तो खेळ. घे हा फोन, बघ जरा. हां, तो निळ्या कपड्यातला, तोच अम्मार — मारली बघ लाथ — आणि हे लोक उठले. लाल कपडेवाले उठलेत, हो, ते मला पण दिसलं, मी म्हटलं असतील पाहुणे, खेळ आवडला असेल... आता पंच बघ. हलवले ना हात? चौकाच ना?

परत लाव. बघ नीट.

डबा कशाला उचलतोस? मी काय विचारलं? बरं, चेंडू मधून गेला तर पंच काय करतो तिथं, एवढं तरी सांग — दोन्ही हात वर? असे सरळ वर? मग आडवे हलवले म्हणजे —

असू दे. नको सांगू.

एकेकाला शुक्रन लिहीत बसला रे माझा पोर. आम्ही इथं नाचतोय म्हणून गप्प राहिला, एकटा, तिकडे. आणि आम्ही मिठाई वाटली.

त्याच्या अब्बांना काय बोलू नको. आज जेवू दे त्यांना चार माणसांत. उद्या मी सांगेन, मीच सांगेन. यल्ला, जा तू आता — भाजी वरच्या डब्यात आहे — आणि दार ओढून घे. मला अम्मारला फोन लावायचाय.